कायदा कारखान्याच्या दारात, कचरा वाडीवर

२२ जुलै २०२१. महाबळेश्वरावर चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. सावित्रीचा उगम तिथलाच. घाट उतरून ती पोलादपूरला येते, तिथून महाडला, आणि पुढे बाणकोटच्या खाडीला मिळते. खाडीला भरती असली की पुराचं पाणी उतरायला वाट उरत नाही, हे महाडकरांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. त्या पुरात बाजारपेठेतले तळमजले बुडाले, काही भागांत पाणी पहिल्या मजल्याला लागलं. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडींनी जीव घेतले. अशा वेळी माणसं शोधायची असतात. वस्तूंचा हिशेब मागे पडतो, आणि तो पडायलाच हवा.

पण पाणी ओसरल्यावर वस्तू उरतातच. ठाणे, नवी मुंबई अशा महापालिकांची पथकं चिखल उपसायला महाडला आली. पूर शिरलेल्या बाजारपेठेतून जे बाहेर निघतं त्यात धान्य, कापड, गाद्या असतात, तसेच फ्रिज, टीव्ही, मिक्सर, वॉशिंग मशीन, दुकानांतले संगणक, झेरॉक्सची यंत्रं, इन्व्हर्टर, मोबाइलही असतात. ३ ऑगस्टला राज्य सरकारने ११,५०० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं, त्यात दुकानदाराला ५० हजारांपर्यंत मदत होती. त्यासाठी पंचनामे झाले. पंचनामा नुकसानीचा असतो. बिघडलेला फ्रिज किती रुपयांचा होता हे त्यात येतं. तो फ्रिज पुढे कुठे गेला, हा पंचनाम्याचा विषय नसतो.

हा लेख त्या पुढच्या प्रवासाबद्दल आहे. इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासाठी आपल्या देशात कायदा आहे, आणि तो चांगल्या हेतूने, पुष्कळ विचार करून केलेला आहे. वस्तू बनवणाऱ्याने तिच्या शेवटाचा खर्च उचलावा, हे तत्त्व त्याने मान्य केलं आहे. मात्र तो खर्च पुनर्चक्रीकरणाच्या कारखान्याच्या दारात पोचतो आणि तिथेच थांबतो. महाड-पोलादपूरच्या वाडीवरून ती वस्तू त्या दारापर्यंत कोण आणणार आणि कशाच्या बळावर, याचं उत्तर त्यात नाही. ते उत्तर तालुक्याने शोधायचं आहे, आणि शोधता येण्यासारखं आहे.

मुंबईत विकलेलं, गावात संपलेलं

महाड आणि पोलादपूर हे चाकरमान्यांचे तालुके. गिरण्या चालू होत्या तेव्हा इथली माणसं परळ-लालबागला गेली, पुढे दिवा, कल्याण, नालासोपारा, विरारपर्यंत पसरली. गावचं घर मात्र कुणी सोडलं नाही. मुंबईच्या खोलीत नवा टीव्ही आला की जुना गावाला जातो. फ्रिज मोठा घेतला की लहान फ्रिज टेम्पोतून आई-वडिलांकडे येतो. पंखे, मिक्सर, टेपरेकॉर्डर, मुलांचा जुना संगणक, सगळ्यांची वाट तीच. गणपतीला आणि शिमग्याला गाड्या भरून येतात, त्यात पिशव्यांच्या बरोबरीने अशी एखादी वस्तू असतेच.

वस्तूच्या दृष्टीने पाहिलं तर हे उत्तमच आहे. शहरात पाच-सात वर्षं वापरलेला टीव्ही गावात आणखी तितकीच वर्षं चालतो. नवीन वस्तू बनवायला लागणारं तांबं, वीज, पाणी तेवढं वाचतं. पुनर्वापराचं याहून चांगलं उदाहरण शहरातही सापडणार नाही. पण यामुळे एक गोष्ट घडते. विक्री मुंबईत नोंदली जाते आणि वस्तू बंद पडते ती कापड्याच्या, उमरठच्या किंवा विन्हेऱ्याच्या एखाद्या पडवीत. शहराच्या वापराचं ओझं अखेरीस डोंगरातल्या घरावर येतं. कचरा वेचण्याची सारी व्यवस्था शहरात, आणि कचरा इथे.

बंद पडलेली वस्तू लगेच टाकली जात नाही. ती माळ्यावर जाते. डबा टीव्ही वर्षानुवर्षं कोपऱ्यात राहतो, कारण तो पैसे देऊन घेतलेला असतो आणि कधी तरी दुरुस्त होईल अशी आशा असते. नदीकाठच्या महाडात ही साठवण धोक्याची आहे. घरात आणि दुकानात साचलेला इलेक्ट्रॉनिक माल पुराच्या एका रात्रीत कचरा होतो, आणि त्यातला काही थेट सावित्रीत जातो.

भंगाराच्या काट्यावर

माळ्यावरून खाली आलेली वस्तू पहिल्यांदा भेटते ती भंगारवाल्याला. वाडीवाडीवर टेम्पो किंवा मोटरसायकल घेऊन फिरणारा हा माणूस या तालुक्यांतली एकमेव चालू संकलन-व्यवस्था आहे. त्याला सरकारने नेमलेलं नाही, त्याला पगार नाही, तरी तो नेमाने येतो आणि रोख पैसे देतो. त्याच्याबद्दल बोलताना ही गोष्ट आधी मान्य केली पाहिजे.

त्याचा हिशेब धातूचा असतो. लोखंड, तांबं, पितळ आणि जर्मन, म्हणजे अॅल्युमिनिअम, प्रत्येकाचा दर वेगळा. फ्रिजमधून त्याला कॉम्प्रेसर हवा, कारण आत तांब्याची वाइंडिंग आहे. टीव्हीतून पिक्चर ट्यूबच्या मानेवरचं योक हवं, तेही तांब्यासाठी. मदरबोर्ड वेगळे काढून वजनावर पुढच्या व्यापाऱ्याला जातात. ज्याला दर नाही ते मागे राहतं, आणि घातक असतं ते नेमकं तेच.

डबा टीव्हीच्या ट्यूबच्या काचेत शिसं असतं, मोठ्या ट्यूबमध्ये किलो-दोन किलो. ट्यूब फोडली की आतल्या फॉस्फरच्या लेपाची धूळ उडते. पहिल्या पिढीच्या सपाट पडद्यांमागच्या बारीक नळ्यांत पारा असतो. बोर्डावरच्या जुन्या डाखात शिसं, प्लास्टिकमध्ये आग रोखणारी ब्रोमिनची संयुगं. वायर सोलायला वेळ लागतो म्हणून ती जाळली तर प्लास्टिकच्या आवरणातून डायॉक्सिनसारखे विषारी पदार्थ निघतात. फ्रिजची नळी कापली की गॅस हवेत जातो. जुन्या फ्रिजमधला गॅस ओझोनच्या थराला मारक होता. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए हा गॅस वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक प्रभावी आहे. हे सगळं काम होतं उघड्यावर, हातोडा-छिन्नीने, बहुतेकदा हातमोज्यांशिवाय. पहिला घाव भंगारात काम करणाऱ्याच्या फुप्फुसावर पडतो आणि दुसरा मातीवर.

बोर्डांची पुढची गत आणखी वाईट होऊ शकते. एक टन सोन्याच्या खनिजातून बहुधा काही ग्रॅम सोनं मिळतं, आणि एक टन जुन्या मोबाइलमध्ये ते शेकडो ग्रॅम असू शकतं. या सोन्यासाठी दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत आणि मुरादाबादमध्ये बोर्ड जाळले गेले, आम्लात बुडवले गेले, उरलेलं आम्ल गटारात आणि नदीत गेलं. कोकणातून निघालेला बोर्ड कितव्या व्यापाऱ्याच्या हातून कुठल्या गल्लीत पोचतो, याचा माग काढायची सोय भंगाराच्या काट्यावर नसते.

सावित्रीला हे आणखी एक ओझं परवडणारं नाही. महाड औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांमुळे ही नदी आधीच चर्चेत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत दादली ते मुठवली हा तिचा पट्टा होता.

तीन नियमावल्या, एक तत्त्व

इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचा प्रश्न आपल्याकडे आकड्यांत मांडला गेला तो २००५च्या सुमारास. केंद्रीय मंडळाच्या तेव्हाच्या अंदाजानुसार देशात वर्षाला १ लाख ४६ हजार टन ई-कचरा निर्माण होत होता आणि राज्यांत महाराष्ट्र पहिला होता. २०२१-२२ साली देशाचा आकडा १६ लाख टनांवर गेला. त्यातला अधिकृत यंत्रणेकडे पोचला ५ लाख २७ हजार टन, म्हणजे तिसरा हिस्सा. जगाची स्थिती याहून वेगळी नाही. २०२२मध्ये जगभरात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, आणि रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रीकरणाला गेल्याची नोंद होती ती २२.३ टक्क्यांची.

पहिली स्वतंत्र नियमावली २०११ची, ती १ मे २०१२पासून लागू झाली. ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ हे तत्त्व तिने आणलं. ज्या कंपनीने टीव्ही विकला, तिनेच तो शेवटी परत गोळा होईल हे पाहायचं. पण किती गोळा करायचं याचं उद्दिष्ट तिच्यात नव्हतं. २०१६च्या नियमावलीने आणि २०१८च्या दुरुस्तीने ते घातलं. १० टक्क्यांपासून सुरुवात करून वर्षागणिक वाढवत ७० टक्क्यांपर्यंत जायचं होतं. संकलन केंद्रांची सोय होती, आणि ठेव-परतीचा पर्यायही होता. वस्तू घेताना ग्राहकाकडून थोडी रक्कम ठेव म्हणून घ्यायची आणि जुनी वस्तू परत आली की व्याजासह द्यायची. हा पर्याय कंपन्यांच्या इच्छेवर सोडला होता, त्यामुळे तो रुजला नाही.

आजची नियमावली २ नोव्हेंबर २०२२ला निघाली आणि १ एप्रिल २०२३पासून लागू आहे. वस्तूंची यादी २१वरून १०६वर गेली. उत्पादक, निर्माते, दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणणारे आणि पुनर्चक्रीकरण करणारे, या चौघांना केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी सक्तीची झाली. कंपनीने पूर्वी विकलेल्या मालातला किती माल यंदा आयुष्य संपून कचरा होईल याचा हिशेब मांडला जातो. त्याच्या ६० टक्के उद्दिष्ट पहिल्या दोन वर्षांसाठी, २०२५-२६ आणि २०२६-२७साठी ७० टक्के, पुढे ८० टक्के. कंपनीने स्वतः कचरा गोळा करायची गरज नाही. नोंदणीकृत कारखान्याने जुन्या मालातून सोनं, तांबं, अॅल्युमिनिअम, लोखंड बाहेर काढलं की त्याला प्रमाणपत्रं मिळतात, आणि ती कंपनीने विकत घ्यायची. प्रमाणपत्रं कमी पडली तर पर्यावरणीय भरपाई भरायची. पुढच्या वर्षी तूट भरून काढली तर भरपाईचे ८५ टक्के परत मिळतात, दुसऱ्या वर्षी ६०, तिसऱ्या वर्षी ३०.

दुरुस्तीलाही यात मान आहे. वस्तू दुरुस्त करून तिचं आयुष्य वाढवलं तर कंपनीची जबाबदारी तेवढी पुढे ढकलली जाते, आणि वाढीव आयुष्य संपल्यावर ढकललेल्या भागातला ७५ टक्केच तिच्या खात्यावर येतो. म्हणजे दुरुस्तीला पंचवीस टक्के सूट. सौर पॅनेलही यादीत आहेत. २०३४-३५पर्यंत निघणारी निकामी पॅनेल साठवून ठेवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. डोंगरातल्या वाड्यांवर सौर दिवे लागताहेत, त्यामुळे हे कलम पोलादपूरच्याही कामाचं आहे.

पैसा कुठे थांबतो

हे तत्त्व मला मनापासून पटतं. नदीची सफाई सगळ्यांनी मिळून भरलेल्या करातून आणि नफा एकट्या विकणाऱ्याचा, ही रीत त्याने मोडली. पण या दोन तालुक्यांतून त्याच्याकडे पाहिलं की तीन जागा रिकाम्या दिसतात.

पहिली जागा अंतराची. प्रमाणपत्र बाहेर काढलेल्या धातूवर मिळतं, आणलेल्या अंतरावर नाही. कारखानदाराला कुर्ल्याहून आलेला एक टन आणि कापड्याहून आलेला एक टन सारखाच. मग तो कापड्याला गाडी का पाठवेल? पोलादपूरपासून महाड वीसेक किलोमीटर, महाडपासून मुंबई-ठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यापर्यंत दीडशे किलोमीटर आणि वर. सप्टेंबर २०२४मध्ये सरकारने घरगुती उपकरणांच्या पुनर्चक्रीकरणासाठी किलोला किमान २२ रुपये ठरवून दिले, म्हणजे कंपन्यांना स्वस्तात सुटता येऊ नये. काही मोठ्या कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. किमान दर असावाच, कारण दर पडले की प्रामाणिक कारखाना बंद पडतो आणि उघड्यावर जाळणारा टिकतो. पण त्या २२ रुपयांतले किती वाडीपर्यंत यावेत, याबद्दल नियम गप्प आहेत.

दुसरी जागा वस्तूच्या निवडीची. प्रमाणपत्र चार धातूंचं. शिशाची काच, पारा, ब्रोमिनचं प्लास्टिक यांची विल्हेवाट नीट लावणं बंधनकारक आहे, पण त्यातून कमाई नाही. त्यामुळे भंगारवाल्याला जे नको ते कारखान्यालाही मनापासून नको असतं. डबा टीव्ही कोणाच्याच फायद्याचा नाही, आणि गावातल्या माळ्यांवर डबा टीव्हीच अधिक आहेत.

तिसरी जागा माणसांची. वर्षभरात किमान एक हजार इलेक्ट्रॉनिक वस्तू वापरणारी संस्था म्हणजे ‘मोठा ग्राहक’, आणि तिने आपला कचरा नोंदणीकृत हाती दिलाच पाहिजे. महाडची एखादी पतपेढी, शाळा, दवाखाना या व्याख्येत बसत नाही. घरगुती ग्राहकावर या नियमावलीत बंधन नाही. सूक्ष्म उद्योगांना नियम लागू नाहीत, म्हणून कोपऱ्यावरचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान कायद्याच्या बाहेर राहतं. लहान माणसाला कागदी कामातून वाचवण्यासाठी ही सूट आहे, आणि ती रास्त आहे. पण दुरुस्तीवरची पंचवीस टक्के सूटही त्यामुळे त्या दुकानापर्यंत पोचत नाही.

रस्ता दाखवणारे

वेचणाऱ्या हातांना व्यवस्थेत जागा दिली तर काय होतं, हे पुण्यात दिसलं आहे. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातूनच कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८मध्ये तिने पुणे महापालिकेशी करार केला. रोजच्या कचऱ्याबरोबर जुने कपडे, फर्निचर आणि ई-कचरा ठरावीक दिवशी, ठरावीक चौकात गोळा करण्याचे उपक्रम तिने चालवले. ‘पूर्णम इकोव्हिजन’सारख्या संस्थांनी ई-कचऱ्याची संकलन अभियानं घेतली. तारीख आणि जागा आधी कळली की लोक माळा आवरतात, हा या उपक्रमांचा धडा आहे.

डोंगराळ भागाचा धडा तमिळनाडूच्या निलगिरीत आहे. जंगलात फुटणाऱ्या दारूच्या बाटल्यांमुळे प्राणी जखमी होत होते. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२मध्ये तिथे प्रत्येक बाटलीवर दहा रुपये जादा घेऊन रिकामी बाटली आणली की परत देण्याची पद्धत सुरू झाली, आणि बाटल्या परत येऊ लागल्या. दुर्गम भागात वस्तूला परतीची किंमत लावली की ती आपली आपण खाली उतरते.

इथे काय करता येईल

नव्या नियमावलीत या तालुक्यांच्या हातात दोन कलमं आहेत. राज्य सरकारने औद्योगिक वसाहतींत ई-कचरा सुटा करण्याच्या व पुनर्चक्रीकरणाच्या कामासाठी जागा किंवा शेड राखून ठेवावी, त्या कामगारांची नोंद करावी, त्यांना प्रशिक्षण द्यावं, असं तिच्यात लिहिलं आहे. आणि शहरी असोत की ग्रामीण, स्थानिक संस्थांनी घरगुती कचऱ्यात मिसळलेला आणि उत्पादकाचा पत्ता नसलेला बेवारस ई-कचरा वेगळा काढून नोंदणीकृत हाती पोचवावा, असंही. म्हणजे महाड नगरपरिषद, पोलादपूर नगरपंचायत आणि प्रत्येक ग्रामपंचायत यांना हे काम करण्याचा अधिकार मागायची गरज नाही. कर्तव्य आधीच नेमून दिलेलं आहे.

शेड महाड औद्योगिक वसाहतीत मिळावी, पण दोन अटींवर. ती पूररेषेच्या वर असावी, आणि तिथे फक्त कोरडं काम व्हावं, म्हणजे वस्तू सुट्या करणं, वर्गवारी, वजन, नोंद. आम्लाने धातू काढण्याचं काम सावित्रीच्या काठी नको. ते योग्य यंत्रणा असलेल्या कारखान्यातच व्हावं. रायगडच्या कारखान्यांच्या घातक कचऱ्यासाठी तळोज्याला सामायिक प्रक्रिया केंद्र आहे, आणि असा कचरा प्रत्येक खेपेची कागदोपत्री नोंद ठेवूनच हलवावा लागतो. त्या नोंदीची सवय असलेले वाहतूकदार आणि अधिकारी या जिल्ह्यात आहेत. ट्रक भरेल इतका माल एका जागी जमला की अंतराचा खर्च वाटून जातो, आणि शिशाची काचही तांब्याच्या सोबतीने जाऊ शकते.

शेडमध्ये पहिला हक्क आजच्या भंगारवाल्यांचा असावा. त्यांना हटवून नवी व्यवस्था टिकणार नाही. त्यांना हातमोजे, मास्क, ओळखपत्र, विमा आणि न तोडलेल्या टीव्हीला तोडलेल्यापेक्षा जास्त दर मिळाला तर ट्यूब फोडायचं कारणच उरणार नाही. हा जादा दर प्रमाणपत्र विकत घेणाऱ्या कंपन्यांच्या पैशातून यायला हवा. दुर्गम तालुक्यातून आलेल्या मालाच्या प्रमाणपत्राला अधिक वजन द्यावं, अशी दुरुस्ती लोकप्रतिनिधींनी मागितली पाहिजे. दुर्मीळ व महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्चक्रीकरणाला प्रोत्साहन म्हणून केंद्राने सप्टेंबर २०२५मध्ये १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. कारखान्यांना प्रोत्साहन मिळतंय तर त्यांना माल पुरवणाऱ्या साखळीच्या पहिल्या कडीलाही ते मिळावं.

प्रशिक्षणासाठी लांब जायला नको. लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ महाडच्या उत्तरेला, याच जिल्ह्यात आहे. केंद्र सरकारच्या सी-मेट या संस्थेने हैदराबादेत सर्किट बोर्डांच्या आणि लिथियम बॅटऱ्यांच्या पुनर्चक्रीकरणावर काम केलं आहे. त्यांचं ज्ञान आणि इथल्या टीव्ही-मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांचा हात एकत्र आले तर दुरुस्तीची दुकानं एकेकटी नाही तरी संघ म्हणून पोर्टलवर नोंदणी करू शकतील, आणि दुरुस्तीवरची सूट त्यांच्यापर्यंत येईल.

आणि मुंबईकर मंडळं. इथल्या गावांचा देव, देऊळ, पाणी, रस्ता यांचे निर्णय गावकी आणि मुंबईचं ग्रामस्थ मंडळ मिळून घेतात. जुना टीव्ही गावाला आणायचा तर बंद पडलेला परत नेण्याची जबाबदारीही घ्यायची, असा ठराव मंडळाने करावा. गणपतीनंतर मुंबईला परतणाऱ्या गाड्यांत जागा असते. पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यात, गाव भरलेलं असताना माळे आवरण्याचा एक दिवस ठरवावा. पूर येण्याआधी घरातून निघालेली वस्तू नदीत जात नाही, इतकं साधं हे आहे.

नियम छापून आला म्हणजे हक्क मिळाला असं होत नाही, हे महाडने देशाला शिकवलं आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा मुंबई विधिमंडळातला बोले ठराव १९२३चा, महाड नगरपालिकेचा ठराव १९२४चा. तरी चवदार तळ्याचं पाणी घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावं लागलं, आणि बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसांना चालत जावं लागलं. तो लढा माणूसपणाचा होता, त्याच्याशी कशाची बरोबरी होत नाही. पण त्यातून मिळालेलं शहाणपण प्रत्येक कायद्याला लागू आहे. कर्तव्य कुणाचं हे लिहिलेलं असतं तेव्हा ते मागायला नागरिकांनी उभं राहावं लागतं. येत्या ग्रामसभांत तीन प्रश्न विचारले जावेत: आपल्या हद्दीतल्या ई-कचऱ्याची नोंद कुठे आहे, तो कोणत्या नोंदणीकृत हाती जातो, आणि औद्योगिक वसाहतीतली शेड कधी मिळणार. उत्तर मिळेपर्यंत ते प्रत्येक सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावेत.